गरम निवास, ताइफ

ताइफच्या कंपनी-बंगल्यातली शेगडी व्यवस्थित चालते, याबद्दल कागदोपत्री कधीच शंका नव्हती. रियाधच्या मुख्य कार्यालयातल्या फायलीत तसं स्पष्ट लिहिलेलं होतं. लिहिणाऱ्यांपैकी कोणी ताइफला आलेलं नसल्यामुळे त्यात खाडाखोड करण्याची वेळही कधी आली नाही.

मी त्या बंगल्याचा राखणदार, आचारी आणि माळी. कागदावर मात्र 'निवास व्यवस्थापक (हंगामी)'. हा हंगाम बरीच वर्षं चालला होता.

आखाती देशात थंडी पडते, हे आमच्या दाभोळकडे सांगितलं तर लोक मला उन्हाचा त्रास झालाय असं समजतात. पण ताइफ डोंगरावर आहे. जानेवारीत तिथे सकाळी नळाला हात लावला की हात आपला आहे की नळाचा, हे कळायला वेळ लागतो. म्हणून कंपनीच्या एका अमेरिकन इंजिनिअरने फार पूर्वी स्वतःच्या देशातून बोटीने एक शेगडी मागवली होती. तिच्या डोक्यावर एक पेटी. पेटीत भुसा दाबून केलेल्या लाकडी गोळ्या ओतायच्या, शेंगदाण्याएवढ्या. खाली मोटरवर फिरणारा स्क्रू त्या गोळ्या थोड्या थोड्या करून जळायच्या भांड्यात टाकत राहतो. मागून दोन पाइप भिंतीबाहेर जातात. एक धूर बाहेर सोडणारा, भिंतीलगत गच्चीपर्यंत चढलेला, दुसरा हवा आत घेणारा. रोज सकाळी भांड्यातली राख खरवडायची, ओल्या वर्तमानपत्राला तीच राख लावून काच पुसायची आणि अधूनमधून पाइप झटकायचा. एवढं केलं की म्हातारी शेगडी कुरकुरत का होईना, दिवाणखाना ऊबदार ठेवायची.

नव्वद सालच्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतल्याची बातमी आली तसा इंजिनिअर सुट्टीवर गेला आणि सुट्टीवरच राहिला. जाताना शेगडी, गोळ्यांची उरलेली पोती आणि एक इंग्रजी पुस्तिका माझ्या ताब्यात देऊन गेला.

जानेवारीत युद्ध सुरू झालं आणि रियाधवर क्षेपणास्त्रं पडू लागली. कंपनीचे प्रशासन प्रमुख हरिहरसाहेब यांनी ताबडतोब परिस्थितीचा ताबा घेतला, म्हणजे ते जेद्दाहला गेले. तिथून त्यांनी पहिलं परिपत्रक काढलं. ज्या कर्मचाऱ्यांना तान्हं मूल आहे, त्यांनी कुटुंबासह ताइफच्या बंगल्यात जावं, कारण तो 'गरम निवास' म्हणून मंजूर आहे. निवासातली गरम करण्याची व्यवस्था बंद पडल्यास तो निवास तान्ह्या मुलासाठी अयोग्य ठरेल आणि कुटुंबाला तात्काळ पूर्वीच्या निवासस्थानी परत पाठवण्यात येईल.

पूर्वीचं निवासस्थान रियाध होतं, ही गोष्ट परिपत्रकात आली नव्हती. ती परिपत्रकाच्या विषयात बसत नव्हती.

अशा रीतीने हिशेब खात्यातले दीनानाथसाहेब, त्यांच्या पत्नी सरोजवहिनी, पहिलीतली क्षितिजा आणि दात यायचे असलेला राजस, असे चौघे एका दुपारी गाडी भरून आमच्याकडे आले. वहिनींनी चपला काढायच्या आधी शेगडीकडे बघितलं.

"हारूनभाई, ही चालते ना?"

"चालते, वहिनी. जरा बोलते, पण चालते."

"बोलू दे हवं तेवढं. रियाधला मी चार रात्री जिन्याखाली बसून काढल्यात, ह्याला मांडीवर घेऊन. मला तिथे परत जायचं नाही. ती बंद पडली तर मला पहिल्यांदा सांगायचं, ह्यांना नाही."

"का?"

"हे कळवतील वरती."

दीनानाथसाहेबांनी चष्मा पुसला आणि नियम असेल तर कळवावंच लागतं, असं शांतपणे सांगितलं.

पहिला आठवडा छान गेला. मग दुसरं परिपत्रक आलं.

शत्रू विषारी वायू सोडण्याची शक्यता लक्षात घेता प्रत्येक निवासात एक खोली सीलबंद करावी. बाहेरच्या हवेशी संबंध असलेलं प्रत्येक छिद्र, फट आणि भोक टेप लावून बंद करावं. ताइफपर्यंत काही आलेलं नव्हतं आणि येण्याची चिन्हंही नव्हती, पण परिपत्रक आलं होतं. खोली कोणती निवडायची यावर चर्चा झाली नाही. दिवसभर सगळे जिथे बसायचे तीच, म्हणजे शेगडीची.

आम्ही दोघांनी मन लावून टेप लावली. साहेब परिपत्रक वाचायचे आणि मी लावायचो. खिडक्या झाल्या, एसीची खाच झाली, दाराच्या बिजागरीकडची फट झाली. क्षितिजाने इलेक्ट्रिकच्या प्लगची भोकंसुद्धा बंद केली आणि "डॅडी, दीज आर ऑल्सो होल्स," असं कळवलं. साहेबांना तिचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे सुरक्षा अधिकारी हनीफसाहेब तपासणीला आले. हैदराबादचे माणूस, गळ्याला मफलर, हातात गोल शिक्का आणि शाईची डबी. प्रत्येक ठिकाणी अर्धा टेपेवर आणि अर्धा भिंतीवर पडेल असा ते शिक्का मारत होते, म्हणजे कोणी टेप काढली तर शिक्का तुटेल आणि लगेच कळेल. शेगडीच्या मागे ते वाकले.

"ये दो पाइप काय के, मियाँ?"

"एक धूर बाहेर टाकतो, साहेब. एक हवा आत आणतो."

हनीफसाहेबांनी विचार केला. बाहेर जाणाऱ्या गोष्टींवर परिपत्रकाचा आक्षेप नव्हता, म्हणून धुराचा पाइप त्यांनी सोडला. पण दुसऱ्याकडे बघून त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"बाहर की हवा सीधा अंदर? पूरे घर में यहीच सबसे खतरनाक है. डबल मारो टेप."

मी भिंतीबाहेर जाऊन पाइपाच्या तोंडावर दुहेरी टेप मारली. आत पाइप भिंतीत शिरतो त्या सांध्यावरही मारली. हनीफसाहेबांनी दोन्हीकडे शिक्के मारले आणि काम बघून माझी पाठ थोपटली. इतकी स्वच्छ टेप साऱ्या ताइफमध्ये नाही, असं ते म्हणाले. मलाही बरं वाटलं.

संध्याकाळी शेगडी पेटवली. नेहमी तिची ज्योत उभी राहायची. आज ती आजारी माणसासारखी एका कुशीवर पडली, लाल झाली आणि काळी पडत पडत विझली. गोळ्या न जळता भांड्यात साचल्या, काच काळी झाली, धूर खोलीत आला.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी पहिल्यांदा त्यांना सांगायचं होतं, पण सगळे तिथेच बसले होते.

"बिघाड झालाय," दीनानाथसाहेब म्हणाले.

"बिघाड नाही. म्हातारी आहे, दमली असेल," वहिनी म्हणाल्या. "कळवायचं नाही."

"मी कुठे कळवतोय? आधी पुस्तिकेत कारण तर बघू."

पुस्तिकेत शेवटच्या पानावर 'ज्योत मंद असल्यास' असं प्रकरण होतं आणि खाली चार कारणं एकाखाली एक दिली होती. पहिलं, गोळ्या दमट असणं. साहेबांनी तिथेच बोट ठेवलं आणि पुस्तिका मिटली.

"बाकीची तरी वाचा," वहिनी म्हणाल्या.

"वरच्या ओळीचा निकाल लागल्याशिवाय मी खालच्या ओळीला हात लावत नाही. इतकी वर्षं हिशेब खातं त्यावरच चाललंय."

"इथे मूल गारठतंय."

"म्हणूनच घाई करून चालणार नाही."

पोती दमट होती का, हे सांगणं अवघड होतं. ताइफमध्ये काही दमट होऊ शकतं यावर माझा विश्वास नव्हता, पण ओळ पहिली होती. मी कंपनीच्या हुफूफच्या गोदामात फोन लावला. तिथे आमच्या श्रीवर्धनचा हाशम साठा सांभाळायचा. लाइन लष्कराच्या कामात होती. ती रिकामी व्हायला दुपार उलटली.

"हाशम, शेगडीच्या गोळ्या पाठव रे."

"शेगडीच्या? त्या शेगडीच्या होत्या काय? इथे कागदावर पशुखाद्य लिहिलंय."

"मग?"

"मग काय, मालकाच्या, कफीलच्या उंटांना घातल्या. एका उंटाने तोंडात घेतल्या आणि माझ्याकडे असं बघितलं की मी त्याची माफी मागितली. उरलेल्या त्यांच्याखाली अंथरल्या. आता त्या तुला नकोत."

"दुसरं काही आहे का जळणारं?"

"खजुराच्या बिया देतो. हुफूफमध्ये बियांना तोटा नाही. वाळलेल्या, खडखडीत. आमचा बेकरीवाला तेच जाळतो."

बिया आल्या. त्या खरोखर खडखडीत होत्या. शेगडीच्या स्क्रूने त्या कुरकुर करत खाल्ल्या आणि पूर्वीपेक्षा जास्त धूर काढला. एवढंच की आता धुराला गोड वास होता. आम्ही गारठलेले असायचो आणि कपड्यांना हलव्याचा वास यायचा.

पहिलं कारण निकालात निघालं. दुसरं होतं धुराच्या पाइपात काजळी साचणं. मी गच्चीवर चढलो, दोरीला झाडूचं डोकं बांधलं आणि वरून खाली सोडलं. रस्त्यावरून गस्तीची गाडी चालली होती. गच्चीवरचा माणूस भिंतीलगत तार सोडतोय, हे त्यांना आवडलं नाही. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना दाखवला, झाडू दाखवला, पाइप दाखवला. गाडीतल्या तरुण शिपायाने पाइपात डोकावून बघितलं तेव्हा वाऱ्याने सगळी काजळी त्याच्या तोंडावर आली. "खलास, खलास," असं म्हणत तो तोंड पुसत गेला. पाइप साफ झाला होता. ज्योत तशीच कुशीवर.

तिसरं कारण, शेगडीच्या दाराभोवतीची, फट बंद करणारी दोरी सैल होणं. ते तपासायची रीत पुस्तिकेत दिली होती. दारात एक नोट ठेवून दार लावायचं आणि नोट ओढायची. अलगद निघाली तर दोरी सैल. साहेबांनी खिशातून नोट काढली, दारात धरली, ओढली. अडकली. बाजू बदलून पुन्हा अडकवली. असं दाराच्या चारी बाजूंनी चालू असताना क्षितिजा आईला म्हणाली, "ममा, डॅडी इज गिव्हिंग इट मनी अँड इट स्टिल वोन्ट वर्क."

"बघ ना," वहिनी म्हणाल्या. "आपल्या नगरपालिकेपेक्षा बेकार." मग त्या साहेबांकडे वळल्या. "आता चौथं वाचता, की मी वाचू?"

साहेबांनी वाचलं. चौथं कारण, हवा आत घेणाऱ्या पाइपाचं तोंड बंद असणं. त्यापुढे जाड अक्षरात छापलं होतं की बहुतेक वेळा हेच कारण असतं.

 चौघांनीही शेगडीच्या मागच्या सांध्याकडे बघितलं. तिथे माझी साऱ्या ताइफमधली स्वच्छ टेप होती आणि तिच्यावर कंपनीचा गोल शिक्का.

"काढा ती," वहिनी म्हणाल्या.

"शिक्का आहे," साहेब म्हणाले.

"मग शिक्का तोडा."

"शिक्का तुटला म्हणजे खोली सीलबंद नाही. सीलबंद नाही म्हणजे निवास असुरक्षित. असुरक्षित निवासातल्या कुटुंबाला परत पाठवतात."

"आणि नाही तोडला तर शेगडी बंद. म्हणजे गरम निवास नाही. म्हणजे?"

"रियाध," साहेब म्हणाले.

"म्हणजे तोडला तरी रियाध, नाही तोडला तरी रियाध."

"नियम दोन्ही बरोबर आहेत," साहेब हळू आवाजात म्हणाले. "एकेकटे वाचले तर."

शेवटी त्यांनी जेद्दाहला फोन केला. बिघाड कळवायचा नाही, फक्त एक सर्वसाधारण शंका विचारायची, असं वहिनींनी त्यांच्याकडून वदवून घेतलं होतं. मी रिसीव्हरजवळ उभा होतो, त्यामुळे हरिहरसाहेबांचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"सर, समजा, एखाद्या शेगडीला जळायला हवा लागत असेल, आणि..."

"कोणती हवा?"

"बाहेरची, सर."

"दीनानाथ, बाहेरची हवा आत येऊ नये यासाठी मी परिपत्रक काढलं. शत्रूलाही तेच हवंय. तुम्ही कोणाच्या बाजूने विचारताय?"

"आपल्या, सर."

"मग शेगडीला सांगा, आतली हवा वापर. खोलीभर पडली आहे. आणि शेगडी चालू आहे ना?"

साहेबांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी राजसला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"अतिशय समाधानकारक, सर," दीनानाथसाहेब म्हणाले. माझ्या माहितीत त्यांनी बोललेलं हे पहिलं खोटं. बोलून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

वरून आदेश आला होता, तो पाळायला हरकत नव्हती. मी शेगडीच्या मागचा पाइप टेपेला धक्का न लावता शेगडीच्या बाजूने सोडवला. आता ती खोलीतली हवा ओढू लागली. ज्योत उभी राहिली. आम्ही सगळे हसलो. शिक्का शाबूत, शेगडी चालू, आदेशाचं पालन. वहिनींनी शिरा केला आणि दार नीट लावून सगळे शेगडीभोवती बसले. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होतो.

संध्याकाळ होत आली तसा आतला आवाज कमी झाला. मला वाटलं, ऊब आली, पेंगले असतील. मग वहिनींचा आवाज आला, जरा जड.

"हारूनभाई, हा उठत नाही."

मी दार उघडलं. ज्योत पुन्हा लाल होऊन कुशीवर पडली होती. साहेब भिंतीला टेकून कपाळ दाबत होते, क्षितिजा सतरंजीवर आडवी झाली होती. एका सीलबंद खोलीत किती हवा असते आणि चार माणसं आणि एक शेगडी ती किती वेळ पुरवून वापरतात, हे परिपत्रकात कुठेच नव्हतं. मी क्षितिजाला उचललं. वहिनी राजसला घेऊन अंगणात धावल्या, पायात चपलाही नाहीत. गार वाऱ्यात त्याच्या तोंडावरची शाल त्यांनी बाजूला केली आणि त्याचं नाव घेत राहिल्या. साहेब त्यांच्यामागे येऊन उभे राहिले. नेमाने एकाखाली एक ओळ वाचणारा तो माणूस तेव्हा काहीच वाचत नव्हता.

राजस शिंकला. मग तोंड वाकडं करून असा रडला की शेजारच्या बंगल्यातला कुत्रा उठला. वहिनी त्याच्याबरोबर रडल्या, आणि रडणं थांबायच्या आतच स्वयंपाकघरात गेल्या, कांदे कापायची सुरी घेतली, भिंतीला वळसा घालून बाहेरच्या पाइपाशी आल्या आणि माझी दुहेरी टेप शिक्क्यासकट एका फटक्यात उभी चिरली. मग आत जाऊन सांध्यावरचीही चिरली.

"आता कळवा कोणाला कळवायचं ते," त्या साहेबांना म्हणाल्या.

साहेबांनी कोणाला कळवलं नाही. ते गुडघ्यावर बसले आणि पाइप शेगडीला परत जोडायला मला मदत करू लागले.

शेगडीने एक मोठा श्वास घेतला, खरंच तसा आवाज आला, आणि ज्योत ताठ, पिवळीधमक उभी राहिली. खजुराच्या बिया फटफट फुटत जळू लागल्या.

दुसऱ्या दिवशी हनीफसाहेब तपासणीला आले. त्यांचं नाक लाल होतं. त्यांच्या स्वतःच्या खोलीत टेप होती, शेगडी नव्हती. शेगडीच्या मागे वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"टेप कटी हुई है," ते आतून म्हणाले.

"हो," वहिनी म्हणाल्या. "मी कापली. लिहून घ्या."

हनीफसाहेब उठले नाहीत. मागे शेगडीची पाठ चांगलीच तापलेली असायची. त्यांनी आधी एक हात शेकला, मग दुसरा. मग वळून पाठ शेकली.

"देखो बहन," ते म्हणाले, "टेप कायकू लगाते? भोक पर कोई रोकने वाला हो, इसलिए. अब मैं सुरक्षा अधिकारी हूँ. मैं यहाँ बैठा, तो भोक पर अधिकारी है. टेप से बड़ा है अधिकारी."

"आणि वायू आला तर?"

"तो मैं हाथ रख दूँगा."

त्या दिवसापासून हनीफसाहेब रोज सकाळी यायचे आणि शेगडीमागे स्टूल टाकून सील म्हणून बसायचे. सीलला चहा लागायचा, दुपारी थालीपीठ लागायचं आणि सील कधीकधी घोरायचंही. पण शेगडी चालू होती आणि राजसच्या गालांवर रंग होता, म्हणून कोणी तक्रार केली नाही. हनीफसाहेबांनी रोज अहवाल पाठवला. 'ताइफ : अत्यंत गरम, पूर्ण सीलबंद, अधिकारी जातीने हजर.'

अहवाल इतका चांगला होता की तो वाचून हरिहरसाहेब स्वतः आले. जेद्दाहच्या फ्लॅटमध्ये रियाधहून आलेल्या साहेबलोकांची गर्दी झाली होती आणि बाथरूमला रांग लागत होती. ते पाहणीसाठी येत आहेत असं कळवण्यात आलं. पाहणीसाठी त्यांनी तीन मोठ्या बॅगा आणल्या.

सर्वांत वरिष्ठ अधिकाऱ्याची सोय सर्वांत सुरक्षित खोलीत करावी, असा नियम होता. तो त्यांनी गाडीत बसून तयार केला होता. दीनानाथसाहेबांचं कुटुंब स्वयंपाकघराशेजारच्या लहान खोलीत हलवण्यात आलं. तिथे शेगडी नव्हती, म्हणजे ती खोली गरम निवासात मोडत नव्हती, म्हणजे कुटुंबाला रियाधला परत पाठवणं क्रमप्राप्त होतं. तसा आदेश उद्या काढू, असं हरिहरसाहेब म्हणाले. रियाधवर त्याच रात्री पुन्हा दोन क्षेपणास्त्रं पडली.

मग ते शेगडीच्या मागे गेले. हनीफसाहेब पाठीने भोक झाकून उभे होते.

"बाजूला व्हा."

"सर, मैं यहाँ..."

"बाजूला व्हा, हनीफ. ही टेप कापलेली आहे."

"जी. लेकिन मैं था."

"परिपत्रक मी काढलंय. माझ्याच खोलीत त्याचा भंग होणार असेल तर लोक काय म्हणतील?"

मला वाटलं, आता सांगावं. मी तोंडही उघडलं. "साहेब, त्या पाइपातून शेगडीला..."

"निवास व्यवस्थापक, टेप आणा."

मी टेप आणली. दुहेरी मारली, आत आणि बाहेर. हरिहरसाहेबांनी स्वतःच्या हाताने शिक्का मारला, सहीसुद्धा केली. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी एकच केलं. राजसला घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन खिडकी सताड उघडून गॅसवर भाकऱ्या टाकायला बसल्या.

सकाळी मी चहा घेऊन गेलो तेव्हा हरिहरसाहेब ओव्हरकोट घालून, दोन रजया पांघरून खुर्चीत बसले होते. धूर झाला म्हणून शेगडी त्यांनी स्वतःच बंद केली होती.

"साहेब, शेगडी बरोबर चालते ना?"

"उत्तम," ते म्हणाले. प्रत्येक अक्षराबरोबर त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती.

दुसरं काही म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. शेगडी बंद आहे असं लिहिलं, तर निवास अयोग्य आणि त्यांचीही पूर्वीच्या निवासस्थानी रवानगी. टेपेला नाव ठेवावं, तर तिच्यावर त्यांचीच सही.

दुपारी ते स्वयंपाकघरात आले. तिथे तवा तापलेला होता, कुकर शिट्ट्या मारत होता आणि हनीफसाहेब आधीच कोपऱ्यात पाटावर बसलेले होते. भोकाची गरज संपल्यामुळे ते मोकळे झाले होते.

"तुमच्या परतीचा आदेश तयार आहे," हरिहरसाहेब वहिनींना म्हणाले. "सही तेवढी राहिली आहे."

"करा की. आधी चहा घ्या. बोटं निळी पडलीत तुमची, पेन कसं धरणार?"

"निळी नाहीत. खोली उत्तम गरम आहे."

"मग इथे कशाला आलात?"

"पाहणी."

"पाहा ना. आणि ही खोली गरम आहे की थंड, तेवढं लिहा." वहिनींनी भाकरी उलटली. "थंड लिहिलंत तर आम्ही उद्या निघतो. मग हारूनभाई गॅस बंद करतात, स्वयंपाक कोणासाठी करायचा? गरम लिहिलंत तर आम्ही राहतो. मग तुम्हाला विचारतील, खिडकी उघडी असलेल्या खोलीत प्रशासन प्रमुख काय करत होते?"

हरिहरसाहेबांनी पेन काढलं होतं. तव्यावरची भाकरी फुगली, तिची वाफ त्यांच्या तोंडावर आली आणि त्यांचे डोळे आपोआप मिटले. दीनानाथसाहेब दारात उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादी ओळ कोरी राहावी असं वाटत असावं.

"पाहणी अपूर्ण आहे," हरिहरसाहेब डोळे न उघडता म्हणाले.

"मग उद्या या पुन्हा."

ते रोज आले. सकाळी यायचे, रात्री जायचे. राजस त्यांच्या मांडीवर बसून त्यांची टाय चावायला शिकला. पाहणी युद्ध संपेपर्यंत अपूर्णच राहिली आणि आदेशावर सही झाली नाही. अख्ख्या बंगल्यातली एकमेव सुरक्षित आणि गरम खोली शिक्के शाबूत ठेवून रिकामी पडून होती. आम्ही सगळे सताड उघड्या खिडकीखाली, असुरक्षित आणि थंड म्हणून नोंद होऊ शकेल अशा जागेत, भाकऱ्या खात सुखात होतो.

फेब्रुवारी संपता संपता युद्ध थांबलं. हरिहरसाहेबांना सीलबंद खोलीत कर्तव्य बजावल्याबद्दल प्रशस्तिपत्रक मिळालं, हनीफसाहेबांना बढती. वहिनी जाताना माझ्या हातात कांदे कापायची सुरी देऊन म्हणाल्या, "ही जपा. पुढच्या परिपत्रकाला लागेल." मग तिसरं परिपत्रक आलं. युद्ध संपल्यामुळे सर्व टेपा काढाव्यात, मात्र टेप काढण्यासाठी शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी. हरिहरसाहेबांची बदली झाली होती. मी बंगला सोडून गावी आलो तेव्हाही ती टेप तिथेच होती. फाइलीत शेगडी व्यवस्थित चालू होती.

आता ही गोष्ट मी ओट्यावर बसून सांगतो. मुंबई-पुण्याहून आलेले पाहुणे खूप हसतात आणि शेवटी सगळे एकच विचारतात. "पण चाचा, वहिनींनी सुरी काढायच्या आधी तुमच्यापैकी कोणीच ती टेप का काढली नाही? समोरच तर होती." मी बायकोला, आमिनाला सांगून त्यांच्यासाठी चहा ठेवतो आणि विचारतो, तुमच्या बिल्डिंगच्या गच्चीला, आग लागली तर जायच्या दाराला, कुलूप आहे म्हणता. किल्ली कोणाकडे असते? आणि तुम्ही शेवटचं त्याला कधी विचारलं?

मग ते चहा पितात आणि खाडीला भरती किती वाजता येते, ते विचारतात. तुम्हालाही हवी असेल तर वेळ सांगतो.